‘शरीराला सवय होते’ हे कितपत खरं?

प्रश्न: मी ३९ वर्षांचा आहे. चाकणजवळच्या एका कंपनीत सीएनसी ऑपरेटर आहे. त्याआधी काही वर्षं हीट ट्रीटमेंटला, भट्टीजवळ होतो. आमची पाळी दर आठवड्याला बदलते: आधी नाइट, मग सेकंड, मग फर्स्ट. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. तेरावं झालं आणि मी थेट नाइटला हजर झालो. घराचे हप्ते चालू आहेत, मुलगी यंदा दहावीला आहे. गेल्या महिन्यात कंपनीच्या वार्षिक तपासणीत बीपी १४४/९२ आणि उपाशीपोटी शुगर ११४ निघाली. तपासणी नाइट सुटल्यावर सकाळी आठला झाली. तसा मला काही त्रास नाही. नाइटला तीनच्या चहाबरोबर क्रीमची बिस्किटं लागतातच, सुपरवायझरशी वाजलं की हात गार पडतात, छाती धडधडते आणि घरी येऊन झोप लागत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी नेमकं डोकं धरतं, एवढंच. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, टेन्शन घेऊ नका म्हणाले. गोळी अजून सुरू केलेली नाही. एकदा सुरू झाली की जन्माची मागे लागते म्हणतात. भाऊ म्हणतो, मन खंबीर ठेव. लाइनवरचे जुने लोक म्हणतात, शरीराला सवय होते, आमचं नाही का निभावलं? खरंच होते का सवय? आणि होत असेल तर माझ्या शरीराला का होत नाही?

— एक वाचक, चाकण

उत्तर:

नमस्कार.

शरीराला सवय होते आणि तुम्ही ती स्वतः अनुभवली आहे. भट्टीवर गेलात तो पहिला आठवडा आठवा. डोकं जड, जीव घाबराघुबरा, शर्ट ओलाचिंब आणि वाळल्यावर पाठीवर मिठाचे पांढरे डाग. दोनेक आठवड्यांनी भट्टी तीच होती, पण तिचं तुम्हाला फारसं काही वाटेनासं झालं असणार. त्या दहा-चौदा दिवसांत तुमच्या रक्तातला पाण्याचा भाग वाढला, त्यामुळे तेवढ्याच कामाला हृदयाचे कमी ठोके पुरू लागले. घाम आधीपेक्षा लवकर आणि जास्त सुटायला लागला, पण घामग्रंथी त्यातलं मीठ परत शोषून घेऊ लागल्या आणि डाग फिके झाले. हा बदल खरा आणि सगळा फायद्याचा. काही आठवडे भट्टीपासून लांब राहिलं की तो जातो, म्हणून मोठ्या सुट्टीवरून परतलेल्या कामगाराला पहिले काही दिवस नव्या माणसासारखंच जपावं लागतं.

जुने लोक सांगतात ती सवय ही असेल, तर त्यांचं बरोबर आहे. पण रात्रपाळीची गोष्ट वेगळी आहे आणि बीपीची तर त्याहून वेगळी. तुमचं शरीर कमजोर आहे, असं तुमच्या पत्रात मला कुठेच दिसत नाही. त्याला जे काम दिलं गेलं ते त्याने चोख केलं आहे आणि १४४/९२ हा त्याच कामाचा हिशेब आहे. हे नीट पटावं म्हणून थोडं खोलात जाते.

शरीराच्या आत काही गोष्टी अशा आहेत की ज्यांच्या बाबतीत ते जराही तडजोड करत नाही. आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५. सोडियम १३५ ते १४५. बाहेर भट्टी असो की डिसेंबरातली पहाट, पोट भरलेलं असो की एकादशीचा उपास, हे आकडे फारसे हलत नाहीत. आतल्या या स्थिर वातावरणाकडे एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी लक्ष वेधलं आणि १९२६ साली हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी त्याला होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. ते स्थिर ठेवण्यासाठी बाकीच्या कित्येक गोष्टी सतत वरखाली कराव्या लागतात: नाडी, श्वास, रक्तदाब, साखर, लघवीचं प्रमाण.

हे तुम्हाला उद्याच स्वतःच्या बोटांखाली बघता येईल. झोपून उठलात की लगेच पाय खाली सोडू नका. पडल्यापडल्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवा आणि अर्धा मिनिट ठोके मोजा. मग बोटं तशीच ठेवून उभे राहा आणि पुन्हा मोजा. नाडी वाढलेली असेल. उभं राहिल्याबरोबर साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांच्या भिंतींत दाब मोजणारे मज्जातंतू आहेत. त्यांना दाब कमी झाल्याचं तत्क्षणी कळतं, ते मेंदूच्या देठाला कळवतात, हृदय वेग वाढवतं, पायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मेंदूचं रक्त तुटू नये म्हणून हे सगळं तुम्ही चप्पल शोधताय तेवढ्या वेळात होऊन जातं. दिवसभरात असं कितीतरी वेळा होतं आणि एकदाही आपल्याला जाणवत नाही.

आता सुपरवायझरकडे येऊ. तो चारचौघांत बोलतो तेव्हा तुमच्या शरीरात दोन टप्प्यांत हालचाल होते. पहिला टप्पा सेकंदांचा. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून मज्जातंतूंवाटे निरोप जातो आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या, जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या ॲड्रिनल ग्रंथी रक्तात ॲड्रिनॅलिन सोडतात. छाती धडधडते. कातडीच्या आणि पोटाच्या रक्तवाहिन्या आकसतात, हात गार पडतात ते त्यामुळे. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. पळायला किंवा भिडायला स्नायूंना जे लागेल ते सगळं हजर केलं जातं. दुसरा टप्पा मिनिटांचा. हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला कळवतो, पिट्युटरी ॲड्रिनलच्या बाहेरच्या थराला कळवते आणि तिथून कॉर्टिसॉल सुटतं. रक्तातलं त्याचं प्रमाण सगळ्यात वर जातं ते प्रसंग सुरू झाल्यापासून वीस-तीस मिनिटांनी, म्हणजे सुपरवायझर एव्हाना दुसऱ्या लाइनवर पोचलेला असतो. कॉर्टिसॉल साखरेचा पुरवठा चालू ठेवतं, रक्तदाब टिकवून धरतं आणि मग तेच मेंदूपर्यंत जाऊन आपला पुढचा पुरवठा बंद करायला लावतं. वर चढवणं आणि खाली आणणं, दोन्ही एकाच रसायनाकडून. मला शरीरक्रियाशास्त्र शिकवताना दरवर्षी हा भाग आला की नव्याने थक्क व्हायला होतं.

पण हे खाली येणं केव्हा घडतं? प्रसंग संपला तर. तुम्ही पळत नाही, भिडत नाही आणि भिडूही नये. मशीनसमोर तसेच उभे राहता. स्नायूंसाठी आलेली साखर रक्तातच फिरते. घरी येऊन अंथरुणावर पडलात की ‘मी त्याला असं सुनवायला हवं होतं’ हे डोक्यात सुरू होतं, आणि आठवणीतला अपमानही तीच साखळी पुन्हा हलवतो. दहा मिनिटांचं भांडण मग तुमच्या शरीराच्या दृष्टीने दुपारपर्यंत चालतं. प्रयोगशाळेत लोकांना अनोळखी माणसांसमोर भाषण करायला लावून कॉर्टिसॉल मोजतात. तोच प्रयोग रोज केला तर बहुतेकांचं कॉर्टिसॉल एक-दोन दिवसांनी फारसं वाढत नाही, पण काहींचं रोज तेवढंच वाढतं. त्यात त्यांचा दोष नसतो. तुमचा जोडीदार शिव्या खाऊन पाच मिनिटांत हसतो आणि तुम्ही हसू शकत नाही, म्हणून तुम्ही कमी खंबीर ठरत नाही.

‘शरीर निभावून नेतं’ म्हणजे नेमकं काय करतं, हे पहिल्यांदा मांडलं हान्स सेल्ये यांनी. १९३६ साली, माँट्रियलमध्ये. त्यांनी उंदरांना वेगवेगळे त्रास दिले: थंडी, जखम, अतिश्रम, औषधांचे मारे. त्रास वेगळे असले तरी आत एकच चित्र दिसलं. ॲड्रिनल ग्रंथी सुजलेल्या, प्रतिकारशक्तीशी निगडित असलेली थायमस ग्रंथी आकसलेली आणि जठरात व्रण. सुरुवातीला खळबळ होते, मग शरीर सावरतं आणि त्रास चालू असूनही ठाकठीक दिसू लागतं, आणि त्रास तसाच चालू राहिला तर शेवटी कोसळतं, असे तीन टप्पे त्यांनी सांगितले. मधला टप्पा म्हणजे लाइनवरच्या लोकांची सवय. बाहेरून सगळं आलबेल असतं. आत मात्र, मुलीची फी भरायला महिन्याच्या वाणसामानातून पैसे काढावेत तशी, एका खात्यातून उचलून दुसरीकडे भरणी चाललेली असते.

सेल्ये यांना वाटलं होतं की शेवटी शरीराचा साठा संपतो. पुढच्या संशोधनात दिसलं की बहुतेक वेळा साठा संपत नाही. सतत चालू राहिलेला बचावच शरीराला झिजवतो. हे मुद्दाम सांगते, कारण ‘तुमच्या ॲड्रिनल ग्रंथी थकल्या आहेत’ असं सांगून हल्ली मोबाइलवर पावडरी आणि कॅप्सूल विकल्या जातात. असा आजार हार्मोनतज्ज्ञ मानत नाहीत. ॲड्रिनल ग्रंथी खरोखर निकामी होण्याचा ॲडिसनचा आजार असतो, पण तो दुर्मीळ आहे, त्यात बीपी खाली जातं आणि तो रक्ततपासणीत कळतो. तुमच्याकडून त्या पावडरीवर एक रुपयाही जाऊ नये अशी माझी इच्छा आहे.

आता १४४/९२. बीपी वाढणं म्हणजे यंत्र बिघडणं, असं आपण धरून चालतो. १९८८ साली पीटर स्टर्लिंग आणि जोसेफ आयर यांनी याकडे वेगळ्या बाजूने पाहिलं. मेंदू दाब चुकल्यावर दुरुस्त करत बसत नाही, म्हणाले ते. पुढे किती दाब लागणार याचा अंदाज बांधून तो आधीच तयारी करतो. सकाळी जाग यायच्या सुमारास कॉर्टिसॉल चढू लागतं ते याचसाठी, उठायच्या आधीच. ज्या माणसाच्या दिवसांत कायम सावध राहायची पाळी येते, हप्ता, टार्गेट, झोपेची वेळ, काहीच ठरलेलं नसतं, त्याचा मेंदू असं धरून चालतो की दाब वरच लागणार आहे. मग सगळं शरीर त्या वरच्या आकड्याशी जुळवून घेतं. धमनीची भिंत जाड होते, कारण जास्त दाब सोसायला जाड भिंतच हवी. मघाशी सांगितलेले मानेतले मज्जातंतू वरच्या दाबालाच योग्य दाब समजू लागतात आणि तक्रार करणं सोडून देतात. हृदयाची भिंतही पुढेमागे जाड होते. म्हणून तुम्हाला ‘काही त्रास नाही’. तुमच्या बीपीला सवय होत नाहीये असं तुम्ही विचारता. खरं तर तिथेच ती पुरेपूर झाली आहे, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. ब्रूस मॅकएवन आणि एलियट स्टेलार यांनी १९९३ साली लिहिलं ते या साचत जाणाऱ्या झिजेबद्दलच. ती दुखत नाही. ती मूत्रपिंडात, डोळ्यांच्या पडद्यात, हृदयात वर्षानुवर्षं मुकाट साठते.

रात्रपाळीचं उलट आहे. तिथे सवय होतच नाही, निदान तुमच्या पाळीत तरी नाही. डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या बरोबर वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर ते रोज लावलं जातं. ते सरकतं दिवसाला जेमतेम तासभर. तुम्ही एका रविवारी ते आठ तास सरकवायला सांगता. ते बिचारं अर्ध्यावर पोचतं तोवर आठवडा संपतो आणि तुम्ही पाळी बदलता. मध्यरात्री शरीराच्या हिशेबी कॉर्टिसॉल सगळ्यात कमी असायला हवं, रक्तदाब दिवसापेक्षा दहा-वीस टक्क्यांनी उतरायला हवा आणि रात्री स्वादुपिंडाचं इन्सुलिन तेवढ्या चपळाईने सुटत नाही. तीच क्रीमची बिस्किटं दुपारी तीनला खाल्ली तर रक्तातली साखर जेवढी वाढते, त्यापेक्षा रात्री तीनला जास्त वाढते आणि जास्त वेळ वर राहते. त्या वेळी गोड खावंसं वाटणं ही तुमची हौस नाही. झोप तुटलेल्या माणसाची भूक वाढते आणि ती गोडाकडे, तळलेल्याकडेच धावते. तुमच्याबरोबरच्या जुन्या लोकांनी वीस वर्षं निभावलं हे खरं असेल. त्यांच्यातले ज्यांचं निभावलं नाही ते आज लाइनवर नाहीत, हेही लक्षात घ्या.

सुट्टीच्या दिवशीचं डोकं बऱ्याचदा साध्या कारणांनी धरतं. आठवडाभर पाच-सहा चहा, सुट्टीला उशिरा उठून एकच. जेवणाला दोन वाजतात. ज्यांना अर्धशिशीचा कल असतो त्यांना ताण उतरल्या दिवशी ती जास्त पकडते. सुट्टीलाही पहिला चहा आणि नाश्ता फार उशिरा घेऊ नका, महिनाभरात फरक कळेल. नाही पडला तर डॉक्टरांना स्वतंत्रपणे दाखवा.

‘टेन्शन घेऊ नका’ आणि ‘मन खंबीर ठेव’ या दोन सल्ल्यांचा मला मनापासून राग येतो. लंडनमधल्या सरकारी कचेऱ्यांतल्या नोकरदारांचा १९६७ पासून मोठा अभ्यास झाला, मायकल मार्मट यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या नोकरांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट होते. सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल हे सगळं धरूनही तो फरक पूर्ण भरून निघत नव्हता. पुढच्या अभ्यासात दिसलं की ज्यांच्या हाती आपल्या कामावरचा ताबा कमी, त्यांना हृदयविकार जास्त. साहेबांचं मन खंबीर आणि शिपायांचं कच्चं, असं कोणी म्हणेल का? काम कधी, कसं, किती, हे ज्याच्या हातात नाही त्याचं शरीर कायम तयारीत राहतं. त्यावर उपाय म्हणजे, जेवढं ठरवणं तुमच्या हातात येऊ शकतं तेवढं हातात आणणं.

आधी तपासणीचं. तीन वाजता चहा-बिस्किटं आणि आठ वाजता रक्त, म्हणजे पाचच तास झाले. उपाशीपोटी तपासणीला निदान आठ तास काही खाल्लेलं नसावं लागतं. त्यात तुम्ही रात्रभर जागे. त्यामुळे ११४ या आकड्यावर मी पूर्ण विश्वास ठेवणार नाही, पण तो कागद फाडूनही टाकणार नाही. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात, दोन-तीन रात्री नीट झोप झाल्यावर, उपाशीपोटी शुगर पुन्हा करा आणि सोबत एचबीएवनसी करा. ती गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, रात्रीच्या बिस्किटांनी एका दिवसात फसत नाही. शुगर १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आली तर तुम्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, आणि तिथून मागे फिरता येतं.

बीपीचंही तसंच. जागरणानंतरच्या एका आकड्यावर निर्णय नको, आणि तो आकडा विसरणंही नको. दंडाला बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. झोपून उठल्यावर आणि झोपायच्या आधी, सात दिवस. पाच मिनिटं खुर्चीला पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू नाही, मापताना बोलायचं नाही. मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मापून वहीत लिहायचं आणि शेजारी कोणती पाळी होती तेही. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर ती वही घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा, आणि त्यांनी सांगितली तर गोळी सुरू करा. ती जन्माची मागे लागते म्हणजे काय, तर दाब वर ठेवणारं कारण जन्मभर राहतं. गोळीचं व्यसन लागत नाही. उलट धमन्यांवरचा भार उतरला की त्यांची जाड होण्याची गरजही कमी होते. वजन उतरलं, मीठ दिवसाला चमचाभराच्या आत आलं (फरसाण, पापड, लोणचं यांतलं धरून), झोप सुधारली की काहींची गोळी डॉक्टर कमी करतात, काहींची बंदही करतात. तो निर्णय त्यांचा. मनाने सोडू नका.

नाइटच्या आठवड्यात पोटभर जेवण कामावर निघायच्या आधी घरी करा. बाराच्या सुमारास डब्यात भाजी-भाकरी, मोड आलेली मटकी, उकडलेली अंडी असं काही. एक ते सहा शक्य तेवढं पोट मोकळं ठेवा. भूक लागलीच तर मूठभर फुटाणे, ताक. शेवटचा चहा दोनच्या आत. चहातल्या कॅफीनचा अर्धा भाग पाच-सहा तासांनीही रक्तात असतो, चारचा चहा घेऊन आठला झोप मागणं म्हणजे शरीरावर अन्याय आहे. सुटल्यावर डोळ्यांवर झापड असेल तर बाइक चालवू नका, कंपनीच्या बसने या. घरात जाड पडदा किंवा गोधडी लावून खोली काळोखी करा, फोन दुसऱ्या खोलीत. सलग सात तास नाही लागली झोप तर पाच तास आणि कामावर निघायच्या आधी तासभर, तेही चालेल. या सात-आठ तासांत दार कोणी वाजवायचं नाही, गॅसवाल्यालाही नाही, हे घरात सगळ्यांनी मिळून ठरवा. दहावीची मुलगी घरात आहे. तिच्या अभ्यासाची वेळ जशी सगळे पाळतात तशीच तुमच्या झोपेची पाळावी, एवढा तुमचा हक्क आहे.

भांडण झालं की शरीराला ते संपल्याचं कळवावं लागतं. पहिल्या विश्रांतीत दहा मिनिटं भरभर चाला, आवारातच. स्नायूंसाठी आलेली साखर स्नायूंनाच द्या. बसावंच लागलं तर श्वास. पुन्हा मनगटावर बोटं ठेवा आणि सावकाश आत घ्या, त्याहून सावकाश सोडा, मिनिटाला सहाच्या आसपास. नीट लक्ष दिलंत तर श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात आणि सोडताना लांब जातात. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाला आवरते. लांब उच्छ्वास म्हणजे त्या नसेला जास्त वेळ देणं. यात गूढ काही नाही.

वडिलांबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली आहे आणि पुढच्या ओळीत हप्ते. तेरावं झालं आणि नाइट सुरू झाली, म्हणजे तुम्हाला दुःख करायला कोणी वेळ दिला नाही. ते दोन वर्षं शरीरातच राहिलं असेल. बायकोशी, भावाशी, त्यांना ओळखणाऱ्या कुणाशीही वडिलांबद्दल बोला. भावाला सांगा की मला खंबीर राहायचं नाहीये, बाबांबद्दल बोलायचं आहे. त्यालाही ते हवं असेल. जवळचं माणूस शेजारी असलं की ताणाच्या प्रसंगी कॉर्टिसॉल कमी वाढतं, हे प्रयोगांतून दिसलं आहे. रात्र-रात्र उदास वाटत असेल, जगण्यात रस उरला नाही असं वाटत असेल, तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो आणि फुकट आहे.

छातीवर दाबल्यासारखं दुखणं, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, एकदम दम लागून घाम फुटणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही झालं तर पाळी संपायची वाट बघू नका, अॅसिडिटी म्हणून सोडा पिऊ नका, १०८ ला फोन करा.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही एकट्याने करायची नाही. तुमची पाळी नाइट, सेकंड, फर्स्ट अशी उलटी फिरते. माणसाचं आतलं घड्याळ चोवीस तासांहून थोडं मोठं असतं, त्यामुळे त्याला पुढे ढकलणं सोपं आणि मागे ओढणं अवघड. फर्स्ट, सेकंड, नाइट अशी सुलटी पाळी त्याला जास्त मानवते. अमेरिकेत युटा राज्यातल्या एका खनिजांच्या कारखान्यात हेच करून पाहिलं होतं, पाळ्यांची दिशा सुलटी केली आणि एक पाळी तीन आठवडे ठेवली. कामगारांचं समाधान वाढलं आणि उत्पादनही वाढलं. १९८२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. उत्पादन वाढलं हे मॅनेजमेंटला आवर्जून सांगा. युनियन असेल तर युनियनमार्फत, नसेल तर सेफ्टी कमिटीत, तेही नसेल तर चार-पाच जणांनी सही करून एचआरला साधा अर्ज द्या: पाळ्या तेवढ्याच, माणसं तेवढीच, फक्त क्रम बदला. यात कंपनीचा पैसा लागत नाही. अर्जाचा मसुदा करायला अडलात तर मला लिहा, मी करून देईन.